इलेक्ट्रिक स्कूटर ‘तीन वर्षांत भंगार’ होते म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीने इलेक्ट्रिक स्कूटरचं बुकिंग रद्द केलं. ती नर्स आहे. पुण्यात वारज्याहून कॅम्पात कामाला जाते, जाऊन-येऊन पंचवीस किलोमीटर, आणि महिन्याला दीड हजारांचं पेट्रोल लागतं. दोन महिने हिशेब करून तिने गाडी ठरवली होती. मग घरच्या ग्रुपवर तो मेसेज आला. तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल: बॅटरी तीन वर्षांत जाते आणि नवी बॅटरी गाडीच्याच किमतीत पडते, रात्री चार्जिंगला लावली की पेट घेते, पावसात शॉक बसतो, लाइट बिल दुप्पट होतं, चढावर गाडी ढकलावी लागते, आणि वीज शेवटी कोळशाचीच, मग प्रदूषण कुठे कमी झालं? मी चार वर्षं अशी गाडी चालवतोय, तीस हजार किलोमीटर झाले. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या बाकीच्यांसाठी एकेक मुद्दा घेतो.

बॅटरीपासून सुरू करू, कारण माणूस सगळ्यात जास्त घाबरतो तो तिथे. मेसेजवाल्याने दोन वेगळ्या जातीच्या गाड्या एकच धरल्यात. एक असते २५० वॉटच्या आतल्या मोटरची, ताशी २५ किलोमीटरच्या वर न जाणारी. तिला नोंदणी लागत नाही, लायसन्सही लागत नाही. यातल्या बऱ्याच स्वस्त गाड्यांत लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते त्या जातीच्या. रोज चार्ज केल्या तर त्या दीड-दोन वर्षांत बसतात. त्यांच्याबद्दल मेसेज खरा आहे, उलट तीन वर्षं हा आकडा जास्तच झाला. दुसरी गाडी आरटीओत नोंदलेली, हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं असलेली, लिथियम बॅटरीची. रोज पंचवीस किलोमीटर जाणाऱ्याने हीच बघायची.

लिथियमची बॅटरी साधारण आठशे वेळा पूर्ण चार्ज होऊन रिकामी झाली की तिची ताकद ८० टक्क्यांच्या आसपास येते. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची असेल तर आणखी बरीच टिकते. ३ युनिट वीज मावणारी बॅटरी एका चार्जमध्ये खऱ्या रस्त्यावर ९० किलोमीटर देते असं धरा. आठशे गुणिले नव्वद, ७२,००० किलोमीटर झाले. माझ्या बहिणीचं वर्षाचं रनिंग साडेसात हजार. नुसत्या वयानेही बॅटरी थोडी थकते, ते धरलं तरी सात-आठ वर्षं निघायला हरकत नाही. आता तर काही कंपन्या ८ वर्षं किंवा ८०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. ती घेताना एकच ओळ नीट वाचायची: बॅटरीची ताकद किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून देणार? तो आकडा लिहिलेला नसेल तर त्या वॉरंटीला अर्थ नाही. बाहेरून घ्यावी लागली तर अशी बॅटरी आजच्या भावाने पन्नास ते सत्तर हजारांत पडते. रक्कम मोठी आहे, नाकारत नाही. पण ती तीन वर्षांनी येत नाही.

माझी गाडी नवी होती तेव्हा इको मोडमध्ये ८५ किलोमीटर जायची, आता ७६ जाते. शोरूममध्ये सांगितलेली रेंज मला कधीच मिळाली नाही, कुणालाच मिळत नाही. कागदावरच्या आकड्याचे ७० ते ७५ टक्के धरायचे आणि रोजच्या अंतराच्या किमान दुप्पट रेंजची गाडी घ्यायची, म्हणजे रोज बॅटरीचा तळ गाठावा लागत नाही. बॅटरी मरते ती तळ गाठून आणि उन्हातून आल्या आल्या तापलेली असताना चार्जिंगला लावून. मी आल्यावर अर्धा-पाऊण तास जाऊ देतो, साधारण २० ते ८० टक्क्यांत ठेवतो, गावाला जाताना निम्मी ठेवून जातो. एलएफपी असेल तर अधूनमधून पूर्ण १०० करावी, नाहीतर मीटर चुकीचं दाखवायला लागतं.

इथे एक प्रसंग सांगायलाच हवा. तिसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी गाडीचा स्क्रीन काळा. बटण दाबलं, काही नाही. आदल्या रात्री ६० टक्के दाखवत होती. ज्या सर्व्हिस सेंटरला नेली तिथे काउंटरवरच्या माणसाने गाडी न उघडताच सांगितलं, मोटर कंट्रोलर (मोटरला वीज किती द्यायची ते ठरवणारा भाग) किंवा मेन बॅटरी गेली, चाळीस हजारांच्या पुढे जाईल. मी तीन दिवस झोपलो नाही. शेवटी ओळखीच्या एका फिटरने सीटखालचं झाकण काढून मीटर लावला. हॉर्न, लाइट आणि स्क्रीनसाठी बऱ्याच गाड्यांत एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी वेगळी असते. ती मेली होती. चौदाशे रुपयांत नवी बसली, गाडी सुरू. ‘बॅटरी गेली’ असं कुणी म्हणालं की मी आता आधी विचारतो, कुठली?

आता आगीचं. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मार्च २०२२ मध्ये आपल्याच लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर जळताना साऱ्या देशाने पाहिली. त्याच वर्षी वसईत घरात चार्ज होत असलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. पण मेसेजवाला २०२२ वरच थांबलाय. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले. एआयएस १५६ या मानकाची सुधारित कलमं १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली. बॅटरीतले छोटे सेल एकमेकांपासून अंतरावर, आतला दाब बाहेर पडायला वाट, बॅटरीवर लक्ष ठेवणारी नीट यंत्रणा आणि पाण्यात बुडवून चाचणी, हे सगळं त्यात आलं. म्हणून सेकंडहँड घेणार असाल तर बॅटरी कधी बनली ते आधी बघा.

दुसरी बाजू आपल्या घरातली आहे. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरून खिडकीतून वायर सोडून गाडी चार्ज व्हायची. उरलेली वायर गुंडाळून बोर्डाशेजारी टोपलीत ठेवलेली. एकदा हात लावला तर गुंडाळी चांगलीच गरम लागली, आणि प्लग काढला तर एका पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं. आग लागते ती अशी. गाडीसाठी पार्किंगमध्ये वेगळा १५ अँपियरचा पॉइंट, त्याला स्वतःचा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि गळती होताच वीज तोडणारं आरसीसीबी घ्या. वायरमनला अर्थिंग मीटर लावून दाखवायला सांगा. नुसतं ‘आहे हो’ ऐकून घेऊ नका. चार्जर कंपनीचाच वापरा. आणि बॅटरी काढून घरात आणत असाल तर ती झोपायच्या खोलीत किंवा दाराच्या वाटेवर रात्रभर लावू नका.

पावसाचं म्हणाल तर मी चार पावसाळे काढले. मुसळधार पावसातून घरी आलोय, एकदाही शॉक लागला नाही. ज्या बॅटऱ्यांवर आयपी ६७ लिहिलेलं असतं त्या एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतील अशा तपासलेल्या असतात. पण पूर म्हणजे अर्धा तास नव्हे. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडवर एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा पेट्रोल असो वा बॅटरी, कुठलीच गाडी सुटली नाही. बुडालेली इलेक्ट्रिक गाडी सुरू करून बघायची नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही. टो करून न्यायची. आणि धुताना वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा चार्जिंग पोर्टवर मारू देऊ नका.

बिलाचं गणित सरळ आहे. वर्षाला साडेसात हजार किलोमीटरला, चार्जरमधली घट धरून, साधारण २८५ युनिट लागतात, महिन्याला चोवीस. युनिट १२ रुपयांना पडलं तरी वर्षाचे साडेतीन हजारांच्या आत. तेवढ्याच अंतराला ४५ च्या ॲव्हरेजने आणि १०४ च्या भावाने सतरा हजारांचं पेट्रोल. ‘स्लॅब बदलला की सगळंच बिल वाढतं’ हेही खोटं आहे. महावितरणच्या बिलात वरच्या स्लॅबचा दर फक्त त्या वरच्या युनिटांना लागतो.

चढ: कात्रजचा जुना घाट मी मागे बायकोला बसवून चढलोय. २५० वॉटवाली दमते, हिरव्या पाटीची नाही.

कोळशाचं उत्तरही आकड्यातच आहे. आपल्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे स्कूटरच्या एका किलोमीटरला सुमारे २७ ग्रॅम. पेट्रोलच्या स्कूटरला ५१. शिवाय सिग्नलला मागच्याच्या तोंडावर धूर जात नाही.

आता मेसेजमध्ये नसलेली, पण खरी अडचण. ‘मेंटेनन्स शून्य’ असं सेल्समन सांगतो, त्यावर विश्वास ठेवू नका. ऑइल नाही, प्लग नाही, क्लच नाही, हे खरं. पण ब्रेकपॅड, टायर आणि बेल्ट असेल तर बेल्ट झिजतोच, आणि बिघाड झाला तर कोपऱ्यावरचा गॅरेजवाला बहुतेक वेळा हात लावत नाही. त्यामुळे कंपनी निवडण्याआधी तिचं सर्व्हिस सेंटर निवडावं लागतं. बहिणीला मी तेच सांगितलंय. शोरूममध्ये नको, सोमवारी सकाळी दहाला सर्व्हिस सेंटरच्या दारात जाऊन उभी राहा. आत धूळ बसलेल्या किती गाड्या उभ्या आहेत ते मोज, आणि गाडी घ्यायला आलेल्या दोघा-तिघांना विचार, किती दिवस लागले? तिला येत्या सोमवारी सुट्टी आहे. मीही जाणार आहे.