कोणत्या शतकातले 'नाइस'?

ठाण्यातल्या पाचपाखाडीत राहणाऱ्या आमच्या कुटुंबात कौतुकासाठी सध्या एकच शब्द शिल्लक उरला आहे. मी दोन तास खपून केलेली साबुदाण्याची खिचडी सुनेच्या मते 'नाइस' असते, गोखले रोडवरून आणलेला सदरा नातवाच्या मते 'नाइस' असतो, आणि परवा तर दंतवैद्यांनी माझी किडलेली दाढ न्याहाळून तोच उद्गार काढला.

दाढेत नाइस काय असावे, हे पाहण्यासाठी मी व्युत्पत्तिकोश उघडला आणि मनःशांती गमावून बसलो. लॅटिनमधल्या 'नेस्कियुस', म्हणजे 'काहीही न जाणणारा', या शब्दापासून जुन्या फ्रेंचमार्गे हे विशेषण १३०० च्या सुमारास इंग्रजीत उतरले, तेव्हा त्याचा सरळ अर्थ 'मूर्ख' असा होता. पुढे ते नखरेल झाले, मग चोखंदळ, सोळाव्या शतकात बारीक आणि नेमके, आणि 'छान' व्हायला त्याला अठरावे शतक उजाडावे लागले. 'सिली'चा प्रवास नेमका उलटा, म्हणजे धन्य माणसापासून खुळ्यापर्यंत. (आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीत हा प्रवास एका वर्षात पुरा होतो.)

आता कोणीही स्तुती केली की ती कोणत्या शतकातली, याचा मी हिशेब करत बसतो. दंतवैद्यांची सोळाव्यातली असावी, कारण कीड अगदी नेमक्या जागी होती. खिचडीचा मात्र गोळा झाला होता, त्यामुळे सुनेविषयी मला दाट संशय आहे.

आपल्याकडेही हे घडलेले आहे. सम्राट अशोक शिलालेखांत स्वतःला 'देवानांप्रिय' म्हणवतो; त्याच्या लेखाचा एक तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात, म्हणजे तेव्हाच्या आमच्याच ठाणे जिल्ह्यात, सापडला. संस्कृत वैयाकरणांनी पुढे याच पदाचा अर्थ 'मूर्ख' असा नोंदवून ठेवला.

ही माहिती वाया घालवणे माझ्या जिवावर आले. न्हाणीघराच्या छतातून चार महिने गळणाऱ्या पाण्याविषयीचा माझा सहावा अर्ज मी 'देवानांप्रिय सचिव महोदय' अशा मायन्याने सुरू केला. संध्याकाळी लिफ्टपाशी सचिवांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते गहिवरून म्हणाले, "काका, तुमचं मराठी फारच नाइस आहे हो!"