तुमच्या मिड्सवर पडदा आहे

"जरा बघू," म्हणत परवा रेल्वेत समोरच्या बर्थवरच्या काकांनी माझा डावा इअरफोन कानातून काढून घेतला. मी अजून हो म्हणायचा होतो.

तो त्यांनी स्वतःच्या कानात घातला नाही. किळस वाटली असावी. दोन बोटांच्या चिमटीत धरून कानाच्या दाराशी नुसता टेकवला, डोळे मिटले आणि निदान केलं, "बेस नाही. मिड्सवर पडदा आहे. स्टेज तर उभंच राहत नाही. हे ऐकता तुम्ही?"

मिड्स म्हणजे मधले सूर, गाणाऱ्याचा गळा तिथेच असतो; स्टेज म्हणजे वाद्यं समोर मांडून ठेवल्यासारखी वाटणं. पण बेस येणार कुठून? त्या रबरी टोपीने कानाची वाट घट्ट बंद केली तरच खर्ज टिकतो. जरा फट राहिली की तो बाहेर गळतो आणि मागे उरते ती वरच्या सुरांची किणकिण. टोपीचं माप चुकलं तर कितीही भारी इअरफोन पत्र्यासारखा वाजतो. हे मी सांगायला लागलो, पण काकांनी तोवर आपला सरंजाम काढला होता. एक डॅक (डिजिटल गाण्याचा विजेचा संकेत करणारी डबी), एक अँप (तो संकेत वाढवणारी दुसरी डबी) आणि वेणी घातलेली चांदीची केबल, इतकी जाड की तिच्यावर पंचा वाळत घालता आला असता.

"बर्न-इन किती दिलंत?"

"म्हणजे?"

"दोनशे तास पिंक नॉइज, म्हणजे नुसती एकसुरी खरखर, वाजवायचा. कपाटात. आपण ऐकायचं नाही."

"मग ऐकतं कोण?"

"डायफ्राम मोकळा होतो," ते म्हणाले. म्हणजे थरथरून आवाज काढणारी आतली पातळ चकती. माझ्या मते त्या दोनशे तासांत मोकळा होतो तो खिसा, आणि नंतर कानाला सवय होते. पण सांगतो कुणाला!

मग त्यांचा हेडफोन माझ्या डोक्यावर चढला. आवाज दणदणीत. "आता कळला फरक?" कळला ना! त्यांचा व्हॉल्यूम माझ्यापेक्षा बराच वर होता. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ सालीच मोजून दाखवलंय की आवाज बारीक असला की कानाला खर्ज कमी ऐकू येतो, वाढवला की भरून येतो. म्हणून दोन यंत्रांची तुलना करायची तर आधी दोन्हींचा आवाज मोजून सारखा करावा लागतो. फरक जेमतेम एखाद्या डेसिबलचा असला, तर माणूस 'मोठा वाजतोय' म्हणत नाही, 'स्वच्छ वाजतोय' म्हणतो. मी व्हॉल्यूम उतरवायला हात पुढे केला, तर काकांनी तो मनगटाला धरून बाजूला केला. "हा रेफरन्स लेव्हल आहे."

त्यांच्या हेडफोनच्या खोक्यावर सोनेरी चिकटपट्टी होती, ४० किलोहर्ट्झपर्यंतचे सूर वाजवण्याची हमी देणारी. तरुण, धडधाकट कानाची धाव २० किलोहर्ट्झपर्यंत, आणि वयाबरोबर तीही वरून झिजत येते. काका पन्नाशी ओलांडलेले. वरचे २० किलोहर्ट्झ त्यांनी कुणाच्या भरवशावर घेतले होते, देव जाणे. आणि हे सगळं धावत्या गाडीत! चाकांचा धडधडाट खालचे सूर झाकून टाकतो, पंखा आपला वेगळाच वाजतो, आणि यात हे गृहस्थ केबलमधली चांदी ऐकत होते.

मला राग त्याचा नाही. ज्याची हौस त्याने करावी, त्याच्या पैशाने करावी. राग याचा की त्या मिनिटापासून मी गाणं ऐकतच नाहीये. कडवं सुरू झालं की मी मिड्स शोधतो. पडदा खरंच आहे का बघतो. कानातली टोपी पुन्हापुन्हा दाबून कान दुखायला लागलाय, आणि गायिका बिचारी एकटीच गातेय.

हेडफोन परत दिला, तेव्हा काकांनी तो स्पिरिटच्या कापसाने दोन्ही बाजूंनी पुसला. माझ्यासमोर. निवांत.

वरच्या बर्थवर एक जण मोबाइलच्या स्पीकरवर मोठ्याने रील्स बघत होता. एक संपली की दुसरी, सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशी. त्याला काका एका शब्दानेही बोलले नाहीत.