मुख्य मुद्दा पहिल्या ओळीत असतो, हे कुणी ठरवलं?

"पहिलं वाक्य बघ, नाहीतर शेवटचं बघ. मुख्य मुद्दा तिथंच असतो." माहितीपर उतारा शिकवताना हे अजून सर्रास सांगितलं जातं आणि मला ते अजिबात पटत नाही. लेखनाचे अभ्यासक रिचर्ड ब्रॅडॉक यांनी अमेरिकन मासिकांतले २५ लेख घेऊन त्यातला परिच्छेद न् परिच्छेद तपासला होता. त्यांचा निबंध १९७४चा आहे. मुख्य मुद्द्याच्या वाक्यानेच सुरू होणारे परिच्छेद निघाले जेमतेम १३ टक्के! पाठ्यपुस्तकासाठी मुद्दाम बेतलेल्या उताऱ्यांत ही युक्ती चालून जाते. खरा लेख समोर आला की मुलं आपटतात.

आता हा उतारा बघा. मुद्दाम साधा घेतलाय.

"ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. दोन कल्ल्यांकडे रक्त ढकलतात, तिसरं उरलेल्या शरीराला पुरवतं. त्याचं रक्त निळसर असतं, कारण त्यात लोहाऐवजी तांबं असलेलं प्रथिन असतं. हे प्रथिन आपल्या हिमोग्लोबिनइतका प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. त्यात पोहताना तिसरं हृदय थांबतं. त्यामुळे ऑक्टोपस लवकर दमतो आणि शक्यतो तळावरून सरपटतच जातो."

मुख्य मुद्दा विचारला की ठरलेली उत्तरं येतात. "ऑक्टोपस." हा झाला विषय. "ऑक्टोपसला तीन हृदयं असतात." हे पहिलं वाक्य, शिवाय सगळ्यात भन्नाट, म्हणून डोक्यात बसलेलं. "ऑक्टोपसचं शरीर वेगळं असतं." हे खोटं नाही, पण इतकं मोघम की कुठल्याही प्राण्याला चिकटवा. उतारा सांगतोय ते असं: शरीराच्या रचनेमुळे ऑक्टोपसला पोहणं महागात पडतं, म्हणून तो सरपटणं पसंत करतो. हे वाक्य उताऱ्यात जसंच्या तसं कुठंच नाही. ते मुलानं स्वतः जुळवायचंय, आणि खरी मेख तिथंच आहे.

अॅन ब्राऊन आणि जीन डे या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये सारांशलेखनावर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही हेच दिसलं. लहान मुलं नको असलेली वाक्यं गाळतात आणि उरलेली उतरवून काढतात. स्वतःचं वाक्य बनवणं फार उशिरा जमतं. आणि आपण मुलांच्या हातात हायलायटर देऊन म्हणतो, महत्त्वाचं ते रंगव. पान पिवळंधमक होतं, बाकी काही होत नाही.

माझ्या मते प्रश्न दोनच पुरेत. हे कशाबद्दल आहे? आणि त्याबद्दल लेखकाला नेमकं काय म्हणायचंय? पहिल्याचं उत्तर एका शब्दात चालेल, दुसऱ्याचं पूर्ण वाक्यातच हवं, क्रियापदासकट. मग ते वाक्य हातात धरून उताऱ्यातल्या एकेका वाक्याला विचारायचं, तू याला काय हातभार लावतोस? "ऑक्टोपसला तीन हृदयं असतात" हे मुख्य धरलं, तर निळ्या रक्ताचं काय करायचं? ते वाऱ्यावरच राहतं. हे मुलांना पटकन कळतं. त्यासाठी व्याख्या पाठ करून घ्यायची गरज नाही.

आणखी एक, जे आपण सोयीस्करपणे विसरतो. विषयाची ओळखच नसेल तर कुठलीही युक्ती लंगडी पडते. बेसबॉलवरचा उतारा देऊन रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी १९८८ मध्ये हेच दाखवलं होतं. वाचनात कच्ची पण खेळ ओळखून असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळात कोरी असलेल्या मुलांच्या पुढे गेली. तेव्हा आठवडाभर रोज नव्या विषयाचा तुकडा देण्यापेक्षा एकाच विषयावरचे चार-पाच लेख वाचून घ्यावेत. तिसऱ्या लेखापर्यंत मुलं स्वतःच म्हणायला लागतात, "हे तर आधीच्यातही होतं, पण हा माणूस वेगळंच म्हणतोय."

राहता राहिली गुणांची भानगड. दोन मुलांची वाक्यं वेगवेगळी आली, तर उत्तरसूचीतल्या नमुना उत्तराशी ताडून एकाचे गुण कापू नका. दोघांनाही विचारा, कुठल्या वाक्यांवरून म्हणतोस? दोघांनाही बोट ठेवून दाखवता आलं, तर दोघांनाही पूर्ण गुण द्या.