प्लवक मोजणाऱ्यांना कायमची नोकरी द्या

बांगडा महागला की पणजीच्या मार्केटपासून विधानसभेपर्यंत सगळे बोलू लागतात. एलईडी दिवे लावून होणारी मासेमारी, बुल ट्रॉलिंग (दोन बोटींनी मिळून एकच मोठं जाळं ओढणं), परराज्यातल्या बोटी, जून-जुलैची बंदी कोण पाळतं आणि कोण नाही. हे प्रश्न खरे आहेत, त्यांवर भांडायलाच हवं. पण बांगडा खातो काय, आणि ते खाणं समुद्रात यंदा किती आहे, हे विचारणारं माणूस मला क्वचितच भेटतं. माझी उमेदीची वर्षं त्याच खाण्याचा अभ्यास करण्यात गेली, म्हणून आज सविस्तर लिहिते. पोस्ट लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहत जाणारे जे बारीक प्राणी असतात ते प्राणिप्लवक, म्हणजे झूप्लँक्टन. त्यांत सगळ्यात मोठा भरणा कोपेपॉडचा. कोळंबी-खेकड्यांच्याच गोतावळ्यातले हे जीव, बहुतेक मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान. ते वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, खातात, त्यांना बांगडा खातो. अंड्यातून नुकती बाहेर पडलेली बहुतेक माशांची पिल्लं तर कोपेपॉडच्या पिल्लांवरच जगतात. त्या दिवसांत पुरेसं खाणं मिळालं नाही तर ती मरतात, आणि त्याची झळ किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकाराला आणि ट्रॉलरवाल्याला पुढे जाणवते. तेव्हा मात्र कारण शोधायला फार उशीर झालेला असतो.

हे काम बाहेरून अगदी साधं दिसतं. दोनशे मायक्रॉन छिद्रांचं शंकूसारखं जाळं, तोंडाशी किती पाणी आत गेलं ते मोजणारा फ्लोमीटर, शेपटाला बाटली. होडी हळू चालवावी लागते, कारण वेग वाढला की प्राणी जाळ्याला चेंगरून त्यांचे पाय तुटतात. हे होडी चालवणाऱ्या तांडेलाला समजावता समजावता पहिले काही महिने माझी दमछाक व्हायची. "इतल्या ल्हान किड्यां खातीर इतलें डिझेल?" असं तो विचारायचा, आणि त्याचं विचारणं रास्त होतं. नंतर मी त्याला प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकातून त्याच्याच खाडीतलं पाणी दाखवलं. पुढे तोच बाकीच्यांना वेग कमी करायला सांगू लागला.

खरं काम सुरू होतं ते किनाऱ्यावर आल्यावर. फॉर्मलिनमधला नमुना ट्रेमध्ये ओतायचा आणि एकेक प्राणी ओळखत मोजत जायचं. कोपेपॉडच्या जाती ओळखायला बहुतेक वेळा पायांची पाचवी जोडी बघावी लागते. अकार्शिया या कोपेपॉडच्या दोन जातींच्या माद्या शेजारी ठेवल्या तर वरून तुम्हाला काडीचा फरक दिसणार नाही. मग ग्लिसरीनच्या थेंबात ती मादी उताणी करायची, एका बारीक सुईने अंग दाबून धरायचं आणि दुसऱ्या सुईने तो पाचवा पाय सोडवायचा. पायाच्या टोकाचा काटा लांब की आखूड, मुळाशी फुगीर आहे की सरळ, त्यावर दातेरी कड आहे का, हे पाहून जात ठरते. तो पाय डोळ्यांना दिसतही नाही. हात थरथरला की पाय गेला, आणि त्या प्राण्याची ओळखही गेली. हे पुस्तकात वाचून येत नाही. शेजारच्या स्टुलावर बसलेल्या मॅडम "परत बघ" म्हणत राहतात, आणि मग कधीतरी डोळा तयार होतो. चांगला डोळा तयार व्हायला वर्षं लागतात.

आपल्या मांडवी-जुवारीत तर हे काम आणखी कठीण. जुलैत रायबंदरला वरचं पाणी जवळजवळ गोडं असतं, मे महिन्यात तिथेच समुद्राचा खारटपणा. त्यामुळे जाळ्यात येणारी मंडळीही ऋतूप्रमाणे बदलतात. काही जातींची अंडी तळच्या चिखलात पडून राहतात आणि पाणी अनुकूल झालं की फुटतात. वर्षातून एकदा नमुना घेऊन खाडीचं प्लवक समजलं म्हणणं म्हणजे फक्त चतुर्थीला घर बघून हे कुटुंब रोज काय जेवतं ते सांगण्यासारखं आहे.

या अभ्यासाची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. सेमूर सिवेल या शल्यचिकित्सकाने हिंदी समुद्रातल्या कोपेपॉडवर १९२९ आणि १९३२ साली जे काम छापलं, ते आजही टेबलावर उघडं असतं. १९६०च्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांच्या जहाजांनी एकाच प्रकारचं जाळं वापरून गोळा केलेलं प्लवक कोचीच्या केंद्रात आलं आणि आपल्या माणसांनी तिथे बसून ते निवडलं. त्याच मोहिमेच्या पोटी १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, आपली दोनापावलची एनआयओ, जन्माला आली. डॉ. एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक.

याच संस्थेतले डॉ. एम. मधुप्रताप यांचं उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देते. अरबी समुद्रात पावसाळ्यात वनस्पतिप्लवक भरभरून वाढतं आणि दोन मोसमांच्या मधल्या काळात एकदम घटतं. मग ते खाणारं प्राणिप्लवकही तसंच कमीजास्त व्हायला हवं. पण १९९६ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वरच्या थरात मध्यम आकाराच्या प्राणिप्लवकाचं प्रमाण वर्षभर जवळपास सारखंच राहतं. चारा आटला तरी कळप तसाच कसा? उत्तर त्यांनी जिवाणू आणि त्यांच्यावर जगणाऱ्या एकपेशीय जीवांच्या साखळीत शोधलं. हिरवा चारा कमी असतो तेव्हा ही साखळी प्राणिप्लवकाला तगवते. एवढ्या मोठ्या समुद्राबद्दलची ही गोष्ट वेगवेगळ्या ऋतूंत गोळा केलेल्या नमुन्यांतून कळली, हे विसरू नका.

आता माझी तक्रार. अशी माणसं आपण पुन्हा तयार करत नाही. प्रकल्प येतो तीन वर्षांचा. पहिलं वर्ष शिकण्यात जातं, दुसऱ्या वर्षी हात बसतो, तिसऱ्या वर्षी अहवाल लिहिता लिहिता मुलगी दुसरीकडे अर्ज करू लागते. मीही अशाच प्रकल्पांवर काम केलं. दर वेळी मुदतवाढ मिळेल की नाही याची टांगणी, मधले महिने बिनपगारी, आणि शेवटी घर चालवायचं म्हणून कॉलेजात शिकवायला आले. शिकवण्यावर माझं प्रेम आहे, त्याबद्दल खंत नाही. पण मी ओळखायला शिकलेल्या जाती माझ्याबरोबर त्या प्रयोगशाळेतून बाहेर पडल्या, आणि माझ्या जागी आलेल्या मुलाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. यात सार्वजनिक पैशाचं नुकसान आहे, ज्ञानाचं तर आहेच.

"आता डीएनएवरून सगळं कळतं, पाय कशाला मोजायचे?" असं मला सुशिक्षित लोकही विचारतात. डीएनएची पद्धत उत्तम आहे, मी तिच्या बाजूची आहे. पण बाटलीतल्या पाण्यातून आलेला डीएनएचा क्रम, म्हणजे त्यातल्या अक्षरांची मांडणी, कुठल्या जातीचा, हे सांगायला आधी कुणीतरी तो प्राणी ओळखून त्याचा क्रम नोंदवलेला असावा लागतो. शिवाय माद्या किती, अंडी धरलेल्या किती, पिल्लं कुठल्या अवस्थेत, हे त्यातून कळत नाही. माशांच्या खाण्याचा हिशेब याच आकड्यांवर होतो.

सातत्याने मोजल्यावर काय हाती लागतं ते उत्तर अटलांटिकमध्ये पाहा. ॲलिस्टर हार्डी यांच्या यंत्राने १९३१ पासून तिथे प्लवकाची नियमित नोंद होते आहे. व्यापारी जहाजांच्या मागे बांधलेलं यंत्र, आत सरकणारी रेशमाची पट्टी, आणि त्या पट्टीवरचे प्राणी ओळखणारी माणसं. त्या नोंदींवरून २००२ साली दिसलं की उबदार पाण्यातले कोपेपॉड चाळीस वर्षांत सुमारे दहा अक्षांश उत्तरेकडे सरकलेत. थंड पाण्यातले मागे हटले, आणि कॉड माशाच्या पिल्लांचं नेमकं तेच खाणं होतं.

आपल्याला हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. कांदोळीसमोरच्या समुद्रात एनआयओचे शास्त्रज्ञ १९९७ पासून पुन्हा पुन्हा जाऊन पाणी तपासताहेत. पावसाळ्यात आणि त्यानंतर आपल्या किनाऱ्यालगत तळाचा ऑक्सिजन किती खाली जातो, हे जगाला त्यातून कळलं. तेवढ्याच चिकाटीने प्राणिप्लवक जातीपर्यंत ओळखणारी, निवृत्तीपर्यंत तिथेच राहणारी आणि आपल्यामागे दोघांना तयार करणारी माणसं हवीत.

माझ्या वर्गात पेडण्याची एक मुलगी आहे. सुई धरताना तिचा हात हलत नाही, आणि ही देणगी फार थोड्यांकडे असते. तिची आई मला भेटायला आली आणि म्हणाली, "बाई, यात स्कोप काय?" मी तिला खोटं सांगितलं नाही. आज तरी कंत्राटी जागाच आहेत, असं सांगितलं.

म्हणून माझं मागणं नेमकं आहे. राज्य सरकारने मच्छीमारीच्या खर्चातून मांडवीच्या मुखाशी एक आणि जुवारीच्या मुखाशी एक अशी दोन ठिकाणं ठरवावीत, दर महिन्याला नमुना घ्यावा, आणि तो ओळखायला चार कायमच्या जागा काढाव्यात. पावसाळ्यात मुखाशी होडी जात नसेल तर आतल्या धक्क्यावरून नमुना घेता येतो, आम्ही घेतलेला आहे. कुणा आमदारांना हा प्रश्न सभागृहात मांडायचा असेल तर सगळी टिपणं मी लिहून देईन. आणि ज्या बारावी-बीएस्सीच्या मुलांना शिकायचंय त्यांनी इनबॉक्समध्ये लिहा. रविवारी सकाळी मी शिकवते, फी नाही, सुया मात्र आपापल्या आणायच्या.