'दोन-चार व्हिडिओ बघून तज्ज्ञ': फुगलेल्या बॅटरीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

मुलीच्या लॅपटॉपची बॅटरी फुगली, ती आम्हाला कशी कळली, कुठे कुठे धावावं लागलं आणि शेवटी नाशिकच्या एम. जी. रोडवर ती कशी बदलून मिळाली, हे मागच्या आठवड्यात मी इथे लिहिलं होतं. त्यावर 'एक निवृत्त अभियंता, गंगापूर रोड' अशी सही असलेली प्रतिक्रिया आली. तिच्याखालीच उत्तर लिहायला बसले होते, पण ते तिथे मावेना, म्हणून वेगळं लिहिते आहे. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी ती प्रतिक्रिया जशीच्या तशी देते:

"ताई, लेख वाचला. दोन-चार व्हिडिओ बघून तज्ज्ञ झालेल्यांनी लोकांना घाबरवू नये. मी बत्तीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. दोनदा फुगलेली बॅटरी टाचणीने टोचून हवा काढली आणि पुढे वर्षभर वापरली, काही झालं नाही. बॅटरी एवढी धोक्याची होती तर सिटी बसच्या गर्दीतून का नेलीत? टचपॅड तीन आठवडे दबत नव्हता, तेव्हा चार्जिंग का थांबवलं नाहीत? कंपनीची अस्सल बॅटरी सोडून निम्म्या किमतीची टाकलीत आणि वर वाचकांना सुरक्षिततेचे धडे! शिवाय ४२ अँपिअर-अवर हा आकडा साफ चूक आहे. कृपया अभ्यास करून लिहावे."

सर, नमस्कार.

आधी चूक कबूल करते. ४२ हा आकडा बरोबर होता, एकक चुकलं. बॅटरीवरच्या स्टिकरवर ११.४ व्होल्ट, ३६८५ मिलिअँपिअर-अवर आणि ४२ वॉट-अवर असं छापलेलं आहे. ४२ अँपिअर-अवरची बॅटरी चारचाकीत असते, लॅपटॉपमध्ये नाही. लेखात दुरुस्ती केली आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार, आणि हे आभार मनापासून आहेत.

आता तुमचं पहिलं वाक्य. 'ताई' म्हणून सुरुवात करायची आणि पुढच्याच वाक्यात त्या ताईला दोन-चार व्हिडिओ बघून तज्ज्ञ झालेली म्हणायचं, ही कुठली रीत? मी लेखात स्वतःला तज्ज्ञ म्हटलेलं नाही. 'आमच्या घरी असं घडलं' अशीच सुरुवात आहे, पुन्हा उघडून बघा. तुमचं म्हणणं पटलं नाही असं साधं लिहिलं असतंत तर मी दोन ओळींत उत्तर दिलं असतं. पण माणूस कुठून बोलतो हे न विचारता त्याची लायकी ठरवायची, हे मला लागलं. लागलं ते लागलं, लपवत नाही.

तेव्हा मी कुठून बोलते ते सांगते. १९९९ साली रविवार कारंजाजवळ दहा बाय बाराच्या गाळ्यात मी डीटीपीचं काम सुरू केलं. लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांचे प्रश्नसंच, निवडणुकीची पत्रकं. दोन संगणक, एक प्रिंटर, एक यूपीएस. भारनियमनाची वर्षं ज्यांनी काढली आहेत त्यांना यूपीएस म्हणजे काय ते सांगायला नको. वीज गेली की वीस मिनिटांत पान सेव्ह करायचं, नाहीतर सबंध पत्रिका पुन्हा टाइप करायची. त्या बॅटऱ्यांमध्ये डिस्टिल्ड वॉटर मी स्वतः घालत होते. टर्मिनलवर चढलेली पांढरी-हिरवी बुरशी गरम पाणी आणि सोड्याने मी साफ करत होते. एकदा ॲसिडचा थेंब उडून नव्या साडीला रुपयाएवढं भोक पडलं, ती साडी अजून आहे. बावीस वर्षं मी या वस्तूंच्या शेजारी बसून पोट भरलं आहे. बॅटरीशी कसं वागायचं हे मला कुठल्या व्हिडिओने शिकवलं नाही.

आणि टोचण्याबद्दल म्हणाल, तर तेही मी पडद्यावर बघितलेलं नाही. माझ्या भावाच्या स्वयंपाकघरात बघितलं आहे. लेखात हे लिहिलं नव्हतं, कारण भाच्याचं नाव निघालं की वहिनीला आजही त्रास होतो. आता तुमच्यामुळे लिहावं लागतंय.

भाचा तेव्हा आठवीत. घरातल्या जुन्या मोबाईलची बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं होतं. कोणीतरी मित्राने त्याला सांगितलं, हवा काढली की बसते. हेच वाक्य, सर. त्याने बॅटरी ओट्यावर ठेवली आणि कंपासपेटीतलं कर्कटक टोचलं. मी शेजारी भाजी निवडत होते, काय चाललंय ते कळायच्या आत झालं. आधी बारीकशी फुस्स झाली. मग नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला. मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "आत्या, बघ, बसली." त्याचं वाक्य पुरं झालं आणि पांढरा धूर सुटला, आणि त्या धुरातूनच वीतभर ज्योत. त्याची तर्जनी आणि अंगठा भाजला. भावाने बादलीभर पाणी ओतलं, पुन्हा दुसरी बादली ओतली, तेव्हा शांत झालं. कडाप्प्याच्या ओट्यावर तिथे पांढुरका डाग आहे. वहिनीने घासून घासून बघितला, जात नाही. तिथे ती आता पोळपाट ठेवत नाही.

तुम्ही दोनदा टोचली आणि काही झालं नाही, हे मी खोटं म्हणत नाही. पण काही झालं नाही ते तुमच्या टाचणीच्या कौशल्यामुळे नाही. आत काय असतं ते बघा. तांब्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचे थरावर थर, प्रत्येक दोन थरांमध्ये केसापेक्षा पातळ प्लॅस्टिकचा पडदा, आणि सगळं ज्वलनशील द्रावणात भिजलेलं. वरून ॲल्युमिनियमचा लेप असलेली पिशवी. टाचणी पिशवीतून आत गेली आणि तिने तो पडदा फाडला, की धन आणि ऋण थर आतल्या आत चिकटतात. एका ठिकाणी उष्णता वाढते, ती शेजारच्या थराला पेटवते, आणि मग ते थांबवायला कुठलंही बटण नसतं. बॅटऱ्यांची सुरक्षितता तपासताना मुद्दाम खिळा घुसवून बघण्याची चाचणीच असते. प्रयोगशाळेत जे आडोशामागून करतात ते आपण ओट्यावर करायचं?

आणि 'हवा काढली' हा शब्दही चुकीचा आहे. ती हवा नसते. उष्णतेने, वयाने, किंवा कायम शंभर टक्के चार्ज राहिल्याने आतलं द्रावण विघटन पावतं आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, इथिलीन असे वायू तयार होतात. यातले बरेच पेट घेणारे आहेत. शिवाय भोक पडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते, आणि त्या द्रावणातल्या फ्लोरिनयुक्त क्षाराची पाण्याशी गाठ पडली की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, जो फुप्फुसाला आणि कातडीला घातक आहे. बत्तीस वर्षांच्या मेंटेनन्समध्ये तुम्ही मोटारी, पंप, पॅनेल सांभाळले असतील, त्याबद्दल मला आदर आहे. पण लॅपटॉप-मोबाईलमधली ही लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली तीच १९९१ साली. तेव्हा अनुभवाची वर्षं मोजायची तर कोणत्या वस्तूच्या अनुभवाची, हेही मोजायला हवं. २०१६ साली सॅमसंगसारख्या कंपनीला गॅलेक्सी नोट ७ हा फोन जगभरातून परत मागवावा लागला, तो बॅटरीपायीच. तिथल्या अभियंत्यांपेक्षा तुमच्या टाचणीवर मी विश्वास ठेवावा, अशी तुमची अपेक्षा आहे का?

ज्या मुलाने आमची बॅटरी बदलली, तोही कुठल्या मोठ्या पदवीचा नाही. पण त्याचे हात मी बघितले आहेत. आधी विचारलं, चार्ज किती आहे? वीस टक्क्यांच्या खाली होता, तेव्हाच त्याने लॅपटॉप पालथा केला. स्क्रू काढून मागचं झाकण हळूच सोडवलं, आणि आत तीन चंदेरी पिशव्या टम्म फुगलेल्या, मधली तर उशीसारखी. मी बोट पुढे केलं तर म्हणाला, "मॅडम, हात नका लावू, आधी कनेक्टर काढू द्या." कनेक्टर निघाला. बॅटरी दुहेरी टेपने चिकटलेली होती. स्क्रूड्रायव्हर शेजारी पडलेला असून त्याने तो उचलला नाही. ड्रॉवरमधून जुनं एटीएम कार्ड काढलं, कडेने सरकवत सरकवत टेप सोडवली. दहा मिनिटं लागली असतील. एकदाही ओढलं नाही, वाकवलं नाही. टेबलाखाली कोरड्या वाळूने अर्धा भरलेला पत्र्याचा डबा होता, त्यात बॅटरी ठेवली. मी विचारलं, "टोचली तर?" तो हसला नाही. म्हणाला, "मॅडम, मला दुकान चालवायचंय." हे मी लेखात लिहिलं होतं, आणि तुम्ही त्यातून घेतलंत काय, तर निम्मी किंमत.

तुमचे बाकीचे मुद्दे. बसमधून नेली कारण इंदिरानगरच्या कोपऱ्यावर अर्धा तास रिक्षा मिळाली नाही. लॅपटॉप बंद होता, पिशवी मांडीवर होती, शेजारच्या सीटवरही ठेवली नव्हती. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने तीन आठवडे थांबायला सांगितलं आणि मुलीची सबमिशन पाच दिवसांवर होती. ज्यांच्या घरी इंजिनिअरिंगचं पोर आहे त्यांना यापुढे काही सांगायची गरज नाही. टचपॅडचं म्हणाल, तर सुरुवातीला कचरा अडकलाय असंच वाटतं. लेख लिहिला तो त्यासाठीच. यावर आणखी वाद घालण्यात मला अर्थ वाटत नाही.

'लोकांना घाबरवू नये' यावर मात्र थांबते, कारण त्यातच खरा मतभेद आहे. लेख आल्यावर सिडकोतल्या एका वाचक भगिनीचा निरोप आला. तिने टेबलावर ठेवलेला लॅपटॉप बोटाने दाबून बघितला तर तो डुगडुगत होता. खालचं झाकण मध्ये फुगलं होतं, तिला वाटत होतं टेबलच वाकडं आहे. रात्रभर चार्जिंगला लावून त्याच्या शेजारी तिचा नातू झोपत असे. तिने त्याच दिवशी बंद करून बाल्कनीत फरशीवर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बॅटरी काढून घेतली. ती घाबरली, हो. आणि बरं झालं घाबरली.

भीती नको असेल तर बघायचं कसं हे सांगायला हवं, आणि ते मी सांगितलं होतं. पुन्हा सांगते. विंडोजच्या काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, powercfg /batteryreport ही आज्ञा दिली की बॅटरीचा अहवाल निघतो. आमच्या बॅटरीची मूळ क्षमता ४२ हजार मिलिवॉट-अवर आणि उरलेली २६ हजार निघाली. चार वर्षांत एवढी उतरली होती आणि आम्ही कधी बघितलंच नव्हतं. पण क्षमता चांगली दिसली म्हणून फुगलेली बॅटरी चालवायची नाही, डोळ्यांना दिसलं ते खरं. सारखा चार्जरवर असणारा लॅपटॉप असेल तर बऱ्याच कंपन्यांच्या सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, ती चालू करावी. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा गादीवर ठेवून काम करू नये, खालून हवाच लागत नाही. आमच्या मुलीची चूक हीच होती. ती गादीवर, लॅपटॉप गादीवर, आणि चार्जर चोवीस तास.

जुन्या बॅटरीचं काय केलं हे दोघा-तिघांनी विचारलंय. घंटागाडीत टाकली नाही. सुक्या कचऱ्यातही नाही. कचरा गाडीत दाबला जातो, पुढे पाथर्डीच्या खत प्रकल्पावर माणसं तो हाताने निवडतात. आपण टोचली नाही म्हणून काय झालं, तिथे कुणाची तरी सळई टोचेल. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यापासून वेगळी द्यायची जबाबदारी आपली आहे आणि परत घेण्याची व्यवस्था उत्पादकाची. आमची बॅटरी त्या मुलाने ठेवून घेतली. दर महिन्याला ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे तो सगळ्या एकत्र देतो. मी त्याला फोन करून विचारलं, परवाच गेली.

सर, तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही आणि उडवणारही नाही. 'अभ्यास करून लिहावे' हेही तसंच राहू दे. फक्त टाचणीच्या वाक्याखाली ठळक अक्षरांत एक ओळ घातली आहे: हे करू नका. माझे वाचक बरेचसे विद्यार्थी आहेत, आणि कंपासपेटी प्रत्येकाच्या दप्तरात असते. ती ओळ काढा असं तुम्ही म्हणालात, तरी मी काढणार नाही.