‘आधी पऱ्हाटी उपटून दाखवा’ म्हणणाऱ्या भाऊंना

नमस्कार भाऊ,

फरदडीवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन राखलेला कापूस. बोंड आतून खाणाऱ्या गुलाबी बोंडअळीला आवरायचं तर ती राखू नका, वेचणी आटोपली की पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटा किंवा तिच्यात शेळ्या-मेंढ्या बसवा, असं मी लिहिलं होतं. म्हणणं थोडक्यात असं: ओलितवाल्याला जानेवारीतला कापूस सोडायला लावणं म्हणजे त्याच्या ताटातला घास काढणं, बोंडअळी हे बियाणं कंपन्यांचं पाप, शेतकऱ्याचं नव्हे, आणि पऱ्हाटीत शेळ्या-मेंढ्या सोडायला सांगणाऱ्याकडून विषबाधेची भरपाई घ्यावी. वर हे वाक्य: ‘पत्रकं वाचून दाखवणाऱ्या गुरुजींनी आधी एक एकर पऱ्हाटी उपटून दाखवावी.’

मतभेदाचं मला काही वाटत नाही. पण ही काय बोलायची रीत झाली? ना ओळख ना पाळख, आणि माझ्या हाताला कधी माती लागली नाही हे तुम्ही परस्पर ठरवून मोकळे!

मग ऐकाच. माझा जन्म यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू घरातला. पऱ्हाटी उपटायचा लोखंडी चिमटा आमच्याकडे फार उशिरा आला, तोवर हातच. पाऊस जाऊन महिने झालेले, काळी जमीन अशी आवळलेली की झाड जागचं हलत नाही. जोर लावला की बुंध्याची साल तळहातात येते आणि खोड तिथंच. वाळक्या बोंडांची टोकं मनगटं ओरबाडतात ते वेगळंच. आई हाताला चिंध्या गुंडाळून उपटायची. पुढे मी कृषी सहायक झालो, तोही याच पट्ट्यात. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने शेतंच्या शेतं बसली तेव्हा बांधावर लोकांच्या शिव्या कोणी खाल्ल्या? पत्रक छापणाऱ्याने नाही, मी. तेव्हा हे आव्हान दुसऱ्या कुणाला द्या.

लेखात मजुरीचा हिशेब नव्हता, एवढं मान्य. उपटणीला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही, हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

पण नुसतं उपटून भागत नाही, हे तुम्ही सोडून दिलंत. जळणासाठी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रचलेल्या पऱ्हाटीच्या गंजीतलं एक न उमललेलं बोंड फोडून बघा. पिवळट डागाची कवडी, म्हणजे न फुललेला किडका कापूस, आणि तिच्यात एकमेकींना चिकटलेल्या दोन सरक्या. ती जोडी नखाने सोडवली की आत गुलाबी अळी. काही न खाता, सुप्तावस्थेत, ती तिथंच उन्हाळा काढते. पावसाळ्याच्या तोंडाला पतंग होऊन निघते आणि नव्या पऱ्हाटीवर अंडी घालते. डोमकळ्या, म्हणजे न उमलता गुलाबाच्या कळीसारखी मिटून राहिलेली फुलं, दिसू लागल्या की समजा, ती घरात आली. बोंडात शिरली की छिद्रही बुजतं, मग वरून काय वाट्टेल ते फवारा. हिरवी बोंडअळी तुरीवर, हरभऱ्यावर, कशावरही जगते. हिचं जवळपास सगळं कापसावर. म्हणून मधले पाच-सहा महिने शिवारात कापूस नसला की तिची साखळी तुटते, आणि फरदड राखली की तुटत नाही. पतंगाला धुरा कळत नाही हो. तुमच्या ओलितातून निघालेला पतंग शेजारच्या कोरडवाहूवाल्याच्या पात्यांवर, म्हणजे कोवळ्या कळ्यांवर, जातो. ताटातला घास म्हणालात ना? एकदा त्याचंही ताट बघून या.

अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या कापूसपट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. बीटी वाण, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं बियाणं, होतेच, वंध्य केलेले पतंग विमानातून सोडले, आणि हंगाम संपला की पीक मोडून जमिनीत गाडायची सक्तीही होती. शेवटची बोंडं तिथल्या शेतकऱ्यालाही सोडावी लागलीच की.

ज्या पत्रकांची तुम्ही टिंगल करता, त्यांतच लिहिलेलं असतं की कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर फवारणीचं बघा, उगाच नको. यात पैसे कुणाचे वाचतात? माझे?

बियाणं कंपन्यांचं म्हणाल तर बीजी-२, म्हणजे बीटी कापसाची पुढची पिढी, आलं २००६ साली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत अळीने तेही पचवलं. हे मी आधीच लिहून बसलोय, पुन्हा उगाळत नाही. जानेवारीच्या भावाचं गणित ज्याचं त्याने करावं.

राहता राहिल्या शेळ्या-मेंढ्या. फवारणी चालू असलेल्या शेतात जनावरं घाला असं मी कुठं लिहिलंय, दाखवा. ‘शेवटच्या फवारणीनंतर पुरेसे दिवस जाऊ द्यावेत, वेचणी आटोपावी आणि मग कळप बसवावा’ असं वाक्य आहे. तुम्ही त्याचं शेपूट तेवढं उचललंत. मेंढ्या पाला खातात, उरलीसुरली हिरवी बोंडं आतल्या अळीसकट खातात, वर लेंडीखत फुकट. धनगर आमच्या शिवारात कळप बसवायचे तेव्हा यावर कुणी पत्रकही काढलं नव्हतं. पुढच्या वेळी टीका जरूर करा, फक्त लेख खालपर्यंत वाचून करा.