फुलीशेजारी सही करू नका: ब्रिटनमधल्या मतमोजणीबद्दलचा तो मेसेज

"कौन्सिलच्या निवडणुकीत मुद्दाम पेन्सिल देतात, रात्री फुली खोडून मत फिरवतात. स्वतःचं पेन न्या, फुलीशेजारी सही करा. बरोबरची खूण (✓) केली तर मत बाद. शिवाय मतपत्रिकेवर नंबर असतो, कोणाला मत दिलं ते कळतं." हा मेसेज आता आमच्या काकूंपर्यंत पोचलाय. भारतीय नागरिक असूनही इंग्लंडमध्ये कौन्सिलसाठी मत देता येतं, याचा त्यांना केवढा आनंद होता! आणि आता त्या सही करणार म्हणतात.

सही अजिबात करू नका. चेकवर खाडाखोड झाली की शेजारी सही करायची आपल्याला सवय, म्हणून हे पटकन पटतं. पण इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकांना लागू असलेले २००६ चे नियम मत बाद व्हायची चारच कारणं सांगतात: पत्रिकेवर निवडणूक कार्यालयाची अधिकृत खूण नसणं, हक्कापेक्षा जास्त मतं देणं, मतदार ओळखू येईल असं काही लिहिणं, आणि पत्रिका कोरी असणं किंवा मत कोणाला ते न कळणं. नाव लिहिलं किंवा वाचता येणारी सही ठोकली की तिसरं कारण लागू. धडधाकट मत स्वतःच्या हातानं घालवायचं!

बरोबरच्या खुणेचं म्हणाल, तर त्याच नियमांत आहे: मत कोणाला ते स्पष्ट असेल तर फुलीऐवजी दुसरी खूण चालते. तरी फुलीच करा, वादच नको.

आता खोडरबर. रात्री दहाला मतदान संपलं की पेटी सीलबंद होते, उमेदवारांचे प्रतिनिधीही आपलं सील लावू शकतात. मोजणीत आधी प्रत्येक पेटीतल्या पत्रिकांची संख्या केंद्राध्यक्षाच्या हिशेबाशी ताडतात. मग वेगवेगळ्या पेट्यांतल्या पत्रिका मिसळतात आणि मतं मोजतात. पत्रिका सतत उताण्या, टेबलापलीकडे सगळ्या पक्षांची माणसं. खोडणार कुठे आणि कधी? पेन चालतंच. फक्त ओली शाई घडी घातल्यावर दुसऱ्या नावासमोर उमटते, आणि मग ती पत्रिका शंकास्पद पत्रिकांच्या ढिगात जाते.

खरी चूक होते ती तीन जागांच्या वॉर्डात, जिथे प्रत्येकाला तीन मतं असतात. तिन्ही मतं एकाच पक्षाला असलेल्या पत्रिकांचे गठ्ठे सरळ मोजले जातात. मिश्र पत्रिका मात्र एकेक वाचून तक्त्यावर रेघा ओढाव्या लागतात. २५ पत्रिका म्हणजे ७५ मतं. दिलेली आणि न वापरलेली मिळून ७५ भरली नाहीत, तर तो तक्ता पुन्हा. दोन पत्रिका चिकटतात, एका उमेदवाराचा गठ्ठा दुसऱ्याच्या ढिगावर जातो. प्रतिनिधींनी डोळ्यांत तेल घालून बघायचं ते इथे. आणि तुम्ही अशा वॉर्डात चार फुल्या केल्यात तर अख्खी पत्रिका बाद. एक किंवा दोनच केल्यात तर काही बिघडत नाही.

नंबराचं खरं आहे, मान्य. पत्रिकेच्या मागे नंबर असतो आणि तो कोणाला दिला त्याची यादीही असते. पण मोजताना नंबर दिसू न देण्याची काळजी घ्यावी लागते, यादी सीलबंद राहते, आणि ती न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडत नाहीत.

फुली चुकली तर गिरगटू नका. पेटीत टाकण्याआधी केंद्राध्यक्षाला परत द्या, नवी पत्रिका मिळते.